घरच्या जनरेटरची पहिली धाव

व्हायवात हे सूत्र आपण सगळेच धडाधड म्हणतो: वेग म्हणजे १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल्स. ५० हर्ट्झ, चार पोल, उत्तर १५०० आरपीएम. पण समोर खरंखुरं इंजिन असलं की नुसत्या सूत्रावर भागत नाही.

जुन्नर-आंबेगावात विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिनच धडधडायचं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि तशी इंजिनं गावोगाव पोचली. पुढे मोटारी आल्या, इंजिनं गोठ्यात गेली. आता पाण्याची पाळी रात्रीची असली आणि शेजारी ऊस असला, की बिबट्याच्या भीतीने उजेड हवाच. मग जुनं इंजिन उघडायचं, लायनर-रिंगा नव्या टाकायच्या, चॅनेलच्या फ्रेमवर अल्टरनेटर बसवायचा. झाला घरचा जनरेटर! खरी परीक्षा पुढे असते.

पहिल्या स्टार्टआधी ऑइल, पाणी, टॅपेट आणि फाउंडेशन बोल्ट बघा. डिझेल लाइनमधली हवा काढा. मेन लोड बंद ठेवा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं फिरलं तर हात वाचतो. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणी उभं राहू नये. एअर इनटेकजवळ जाड फळी तयार ठेवा. इंजिन पळत सुटलं आणि डिझेल तोडूनही थांबेना, तर हवा तोडायची. हात मात्र तोंडावर धरायचा नाही. खुद्द रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाच्या १८९३ सालच्या पहिल्या चाचणीत प्रेशर मोजायचं यंत्रच उडालं होतं. आपण कोण लागून गेलो?

सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं रिकामं चालवा, बंद करा, गळती आणि बोल्ट पुन्हा बघा. आता मुख्य मुद्दा. 'नवीन आहे, हळूच चालू दे' म्हणून इंजिन तासन्‌तास रिकामं ठेवणं चूक! सिलिंडरमधला वायू रिंगांच्या मागे शिरून त्यांना लायनरवर दाबतो. लोड नसेल तर दाब कमी, रिंगा नीट बसत नाहीत, लायनरवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो. मग इंजिन जन्मभर ऑइल पितं आणि निळा धूर सोडतं.

म्हणून लोड टप्प्याटप्प्याने द्या. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, अल्टरनेटरचा लॉस वजा जाता हातात साधारण ३ किलोवॅट. पहिला पाव लोड, म्हणजे १०० वॅटचे सात-आठ बल्ब, तासभर. मग बल्बांऐवजी बादलीतला दीड किलोवॅटचा हीटर रॉड, दोन-एक तास. नंतर दोन्ही मिळून पाऊण लोड. फुल लोड सगळ्यात शेवटी आणि सुरुवातीला थोडाच वेळ. रॉड पाण्यात बुडालेला हवा आणि त्या पाण्यात हात घालायचा नाही. कंपनीचं मॅन्युअल मिळालं तर त्याचंच ऐका. पहिलं ऑइल लवकर बदला, कारण त्यात धातूचा चुरा असतो.

फ्रिक्वेन्सी मीटरवर डोळा ठेवा. रिकाम्या इंजिनाला सुमारे ५२ हर्ट्झ दिसले तर घाबरू नका. लोड वाढला की गव्हर्नर थोडा उतरतो आणि ५० वर येतो. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी. व्होल्टेज नीट स्थिर झाल्याशिवाय टीव्ही, मोबाइल जोडू नका.

इंजिन बंद खोलीत चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. अर्थिंग पक्कं करा. आणि घराच्या वायरिंगला चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर कधीच जोडू नका. आपले २३० व्होल्ट डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढून ११,००० होतात. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला ते ठाऊक नसतं. स्विचचे पैसे वाचवताना त्याचा जीव पणाला लावायचा नाही, इतकं तरी इंजिनिअरला कळायलाच हवं.