घरगुती उपकरणांतील विद्युत्-मंडल व अर्थिंग

इस्त्रीत वीज फेज तारेने येते व न्यूट्रल तारेने परत जाते. हेच विद्युत्-मंडल होय. २३० व्होल्टवर १,००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. फेज तारेचे आवरण झिजून ती धातूस टेकल्यास, स्पर्श करणाऱ्याच्या देहातून प्रवाह जमिनीत उतरतो. ०.१ अँपिअर प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. तेवढ्याने ५ अँपिअरचा फ्यूज मात्र वितळत नाही. म्हणून धातूस हिरवी अर्थिंगची तार जोडतात. ती प्रवाहास जमिनीची सुलभ वाट देते व फ्यूज वितळतो.

विंचूर (ता. निफाड) परिसरातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा सुकून ही वाट बिकट होते. शेतकरी बंधूंनी अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे व वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. स्विच वायरमनकडून बसवून घ्यावा.