आधी फाईल, मग माणूस

दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःच्या दत्तकाचे कागद मागण्याची सोय कायद्याने केलेली आहे, हे आमच्या वसईतल्या कितीतरी घरांत अजून पोहोचलेलं नाही. मूल दत्तक आहे हे घरात माहीत असतं, आळीत माहीत असतं, लग्न ठरवताना समोरच्यांना सांगितलेलंही असतं. कागदांचा विषय मात्र कोणी काढत नाही. मी मुंबईतल्या एका संस्थेतून १९८०च्या दशकात वसईत आले. आईपप्पांनी माझ्यापासून काहीच लपवलं नाही. तरी कागद शोधण्याची वेळ आली ती जन्मदात्या आईच्या ओढीने नाही, सातबाऱ्यामुळे.

पप्पा गेल्यावर वाडीवर वारस नोंद करायची होती. नात्यातल्याच एकाने विचारलं, "हिचा दत्तकाचा कागद कुठाय?" कागद होता, पण तो दत्तकाचा नव्हता, पालकत्वाचा होता. आम्ही ख्रिस्ती. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता, आणि त्यात बौद्ध, जैन, शीख धरलेले होते. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी जोडप्यांनी संस्थेतून मूल घेतलं की न्यायालय १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली त्यांना फक्त पालक नेमायचं. मूल मोठं झालं की ते पालकत्व संपायचं, आणि वारसाहक्क आपोआप मिळायचा नाही. पुढे २००० साली मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती जोडप्याचा दत्तकाचा हक्क मान्य केला. त्याच वर्षीच्या बालन्याय कायद्याने आणि त्याच्या २००६च्या दुरुस्तीने सगळ्या धर्मांच्या लोकांना ही वाट खुली झाली. तोवर मी सज्ञान झाले होते.

पप्पांनी मृत्युपत्रात माझं नाव स्पष्ट लिहून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. वसईच्या धर्मग्रामांत माझ्या वयाची अशी मुलं-मुली आहेत, आणि त्यांना माझं हेच पहिलं सांगणं आहे. घरातल्या कपाटात जो आदेश ठेवलाय तो बाहेर काढा, त्यात दत्तक म्हटलंय की पालकत्व ते वकिलाला दाखवा. आईवडील हयात असतील तर त्यांना मृत्युपत्र करायला सांगा, तुमचं पूर्ण नाव घालून, आणि दुय्यम निबंधकाकडे ते नोंदवून घ्या. "माझी मुले" एवढ्यावर भागत नाही. हे आईवडिलांकडे बोलायला जड जातं, मला ठाऊक आहे. पण ते गेल्यावर भावकीसमोर बोलणं त्याहून जड जातं.

त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढायला निघाले तेव्हा सगळ्यांनी ठाण्याचा रस्ता दाखवला. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला, त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात, म्हणजे कागद ठाण्याच्या न्यायालयात असणार, असा सरळ हिशोब. तो माझ्या बाबतीत लागू नव्हता. पालकत्वाचा अर्ज मूल जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयात करायचा असतो, घेणारे कुठे राहतात याला महत्त्व नसतं. मी मुंबईच्या संस्थेत होते, म्हणून माझं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात चाललं. हिंदू कुटुंबाने मुंबईच्या संस्थेतून मूल घेतलं असेल तर आदेश बहुधा शहर दिवाणी न्यायालयाचा असतो. ठाणे जिल्ह्यातल्या संस्थेतून घेतलेल्यांनी ठाण्यालाच जावं. नात्यातल्या नात्यात दत्तक गेलेल्यांचं तर सोपं आहे. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर त्यावर देणारे आणि घेणारे दोघांच्याही सह्या असतात, आणि त्याची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढता येते.

जन्मदाखल्याकडून मात्र फार आशा धरू नका. दत्तकाचा आदेश झाल्यावर दाखला दत्तक आईवडिलांच्या नावाने निघतो, जन्मदात्रीचं नाव त्यावर नसतं. माझ्याकडे तर दाखलाच नव्हता, शाळेत चर्चचा स्नानसंस्काराचा दाखला चालला. चर्चच्या नोंदवहीतही दत्तक घेणाऱ्यांचीच नावं लिहिण्याची रीत आहे. तिथल्या फादरांनी मला एक उपयोगी गोष्ट सांगितली. बाळाचा स्नानसंस्कार संस्थेत असतानाच झाला असेल तर ती नोंद संस्थेच्या जवळच्या चर्चमध्ये सापडू शकते. ज्यांचा जन्म वसईतच झाला त्यांनी लक्षात ठेवावं की महापालिका ३ जुलै २००९ला झाली. त्याआधीच्या नोंदी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या नगरपालिकांच्या किंवा ग्रामपंचायतींच्या दप्तरातल्या आहेत. अर्जात त्या वेळच्या गावाचं नाव घातलं तर शोध लवकर लागतो. रुग्णालयाच्या केसपेपरची वाट पाहू नये. डॉक्टरांवर ते तीन वर्षं जपण्याचंच बंधन असतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. कागदांचं चालू असताना माझ्या एका मामेभावाने, केवळ मायेपोटी, माझी जन्मतारीख, संस्थेचं नाव आणि लहानपणीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला. काही दिवसांत एका माणसाचा फोन आला. तुमची आई सापडली आहे, कोकणातल्या अमुक गावात आहे, म्हणाला. एका बाईचा फोटो पाठवला, नाव पाठवलं, आणि पुढची माहिती देण्यासाठी पैसे मागितले. त्या फोटोकडे मी किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं जुळतंय असं वाटत होतं. पुढे संस्थेची फाईल पाहिली तेव्हा कळलं की माझी आई कोकणातली नव्हतीच. त्या बाईचा माझ्याशी काही संबंध नव्हता. पण त्या माणसाने तिच्या गावात काय काय विचारलं असेल? साठीच्या बाईबद्दल, जिला नातवंडं असतील, "हिने लग्नाआधी मूल दिलं होतं का" असं कोणी विचारत फिरलं असेल तर? पैसे मी दिले नाहीत, पण तिचं जे नुकसान झालं असेल ते मला भरून देता येणार नाही.

कायद्याने तिऱ्हाइताला हा शोध घेण्याची बंदी केली आहे ती याचसाठी. दत्तकाच्या २०२२च्या नियमावलीत मूळ शोधाचा स्वतंत्र नियम आहे. अठरा वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीने दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. अठराच्या आतला असेल तर दत्तक आईवडिलांबरोबर मिळून. राज्याची दत्तक यंत्रणा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मूळ संस्था या सगळ्यांनी त्याला मदत करायची आहे. ओळखपत्र, न्यायालयाच्या आदेशाची प्रत, संस्थेचं नाव आणि अंदाजे साल एवढं जवळ असलं की अर्ज पुढे सरकतो. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण खासगी माहिती म्हणून तो फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त.

आईने मूल सोपवताना आपलं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घेतल्याशिवाय ते सांगितलं जात नाही. ती नाही म्हणाली, किंवा सापडली नाही, तरी मूल का आणि कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं, हे तुम्हाला सांगायचं असतं. लोक हा अर्धा नियमच विसरतात आणि "नाव मिळत नाही" म्हणून परत फिरतात. मलाही नाव मिळालं नाही. संस्थेच्या समाजसेविका ताईंनी गाजावाजा न करता निरोप पोहोचवायचा प्रयत्न केला, पत्ता जुना झाला होता. पण फाईलमध्ये माझ्या आईचं वय होतं, मला दिलं त्या दिवशीचं माझं वजन होतं, आणि घरच्यांनी तिला परत घ्यायला बाळ नको अशी अट घातली होती, ही नोंद होती. मला टाकलं नव्हतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर हे कळणं किती मोठं आहे, ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

सगळ्यांच्याच फायली अशा नीट नसतात. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेले अरुण दोहले यांना आपली फाईल पाहण्यासाठी न्यायालयात भांडावं लागलं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच आणि थुर्गाऊ प्रांतांनी तिथे गेलेल्या भारतीय मुलांच्या जुन्या फायली तपासून घेतल्या, तेव्हा जन्मदात्रीची संमतीच न जोडलेली प्रकरणं निघाली. म्हणून फाईल हातात आली की सोपवल्याचा कागद आहे का, त्यावर सही किंवा अंगठा आहे का, साक्षीदार कोण आणि तारखा जुळतात का, हे आधी बघा. संस्था बंद पडली असेल किंवा तिने दत्तकाचं काम थांबवलं असेल, तरी हताश होऊ नका. मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५ साली हे काम थांबवलं, तिथून आलेली मुलं वसईत असू शकतात. अशा वेळी 'कारा'च्या अर्जात तसं लिहा, आणि सोबत पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाला लेखी विचारा की त्या संस्थेचं दप्तर कुठे गेलं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

फाईल बघायला एकटं जाऊ नका. बोलायला नाही, नुसतं सोबत बसायला कोणीतरी हवं. माझ्याबरोबर आई आली होती. तिला वाईट वाटेल म्हणून मी आधी सांगतच नव्हते, तर तीच म्हणाली, "तुला घ्यायला मी गेले होते, आता बघायला पण मीच येणार."

आणि एक काम संस्थेतून निघण्याआधी करून घ्या. फाईलमध्ये आपलं एक पत्र ठेवायला सांगा. उद्या कदाचित जन्मदात्रीच चौकशीला येईल. पत्रात तक्रार लिहू नका, घरादाराचे फोटो जोडू नका. आपण सुखरूप आहोत, भेटायची तयारी आहे की नाही, आणि संपर्क कोणामार्फत करावा, एवढं पुरे. फोन नंबर बदलला की संस्थेला लगेच कळवा.