उचल आणि अनणसुख



तथागतांनी अनाथपिंडिक गृहपतीला संसारी माणसाची चार सुखे सांगितली. अंगुत्तर निकायात ती आली आहेत. संपत्ती असणे, तिचा उपभोग घेणे, ऋण नसणे आणि निर्दोष जगणे. यांतील तिसऱ्याला पालीत ‘अनणसुख’ म्हणतात. ज्या घराने पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्या घराला या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला कालव्याचे पाणी आहे. तेथेच १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाथर्डी मात्र अवर्षणाचा तालुका. येथे वृद्धेश्वर कारखाना असूनही दसरा-दिवाळीनंतर टोळ्या गाव सोडतात. सहकारात ऊस पिकविणारा सभासद झाला, त्याला मत मिळाले. ऊस तोडणारा सभासद झाला नाही, आणि कारखान्याच्या हजेरीपटावरही आला नाही. त्याचा व्यवहार मुकादमाशी.

नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, वाहते, कोपीवर येऊन भाकरी थापते, पण तिची मजुरी म्हणून वेगळा आकडा नसतो. आजारपणात घरी राहिली तर खाडा पडतो. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ताकद पाहून काम द्यावे, जेवण व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटी द्यावी. खाडा या सगळ्याच्या उलट आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयी बिल मांडले. जमिनीचा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात घर रात्रंदिवस राबायला बांधलेले, अशी ती गाठ होती. उचलीची गाठ तिच्याच जातीची आहे, असे मला वाटते. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पण ते तास कारखान्याच्या फाटकाच्या आतले. फडातला माणूस फाटकाबाहेर राहिला.

तरीही तो अगदी उघडा नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार, उचलीपायी माणसाला काम सोडण्याची मोकळीक राहिली नाही किंवा किमान वेतनही मिळाले नाही, तर ती वेठबिगारी ठरते आणि ते कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते. अशी तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, तीत पाथर्डीचे नाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही संपाच्या जोरावर.

म्हणून यंदा टोळीबरोबर जाणाऱ्या घराने एक साधी वही न्यावी. उचल किती, रोजचे टन किती, खाडे किती, हे शाळेत गेलेल्या मुलाने किंवा सुनेने लिहावे. हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या वहीशेजारी ती उघडून ठेवावी. आणि वहीत बाईचे नाव वेगळ्या ओळीत लिहावे.