तिच्या पाण्याच्या बाटलीकडे लक्ष द्या



ज्या घरातली आई, सून किंवा बहीण कारखान्यात जाते, त्या घरातल्या सगळ्यांनी मिळून हा पाठ वाचावा. तिने एकटीने वाचला तर ती पान मिटून भाकऱ्या थापायला उठेल.

वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत शिलाईच्या, पॅकिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या भगिनी भेटतात. त्यांना आम्ही आधी आजार विचारत नाही. विचारतो, "काल कामावर लघवीला किती वेळा गेलात?" आधी हसतात. मग एक सांगते, जेवणाच्या सुट्टीत एकदा. दुसरी सांगते, घरी आल्यावरच.

कारण साधे आहे. टार्गेट पुरे झाल्याशिवाय जागा सोडली की सुपरवायझर बोलतो. संडास लांब, घाण, कधी आतून कडीच नाही. म्हणून ती पाणीच पीत नाही. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत येते. नवऱ्याच्या डब्यात भाजी उरली तर घरात विचारपूस होते, तिच्या बाटलीकडे कोणी पाहत नाही.

पाणी कमी पडले की लघवी गडद पिवळी होते. ती तासन् तास तुंबवली की जंतूंना मूत्राशयात वाढायला वेळ मिळतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे जंतू लवकर वर पोहोचतात. मग जळजळ, सारखी लघवीची भावना, ओटीपोटात दुखणे. ती म्हणते उन्हाळी लागली, धण्याचे पाणी पिते आणि कामावर जाते. फारच झाले तर मेडिकलमधून दोन गोळ्या आणते आणि बरे वाटले की थांबवते. अर्धवट औषधाने जंतू पूर्ण मरत नाहीत, दुखणे उलटू शकते. लघवी तपासून घ्या, डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कळ, उलट्या अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुखणे मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकते. गरोदर बाईने तर जळजळ झाली तरी थांबू नये.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. जिना चढताना धाप, मशीनवर डोळ्यांपुढे अंधारी, पांढुरकी नखे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते थकव्याचे दुखणे समजून सोडू नका. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये. गोळी आणि जेवण, दोन्हींच्या आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लाइनवर भूक मारायला दोन कप चहा घेणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. मटकी, हरभरे, पालेभाजी यांवर लिंबू पिळावे. अंडी, सुकट, कलेजी परवडेल तशी. पण ती पातेल्याच्या तळाशी उरलेलेच खात असेल तर हा सल्ला फुकट. तिला सगळ्यांबरोबर बसवा, कलेजीचा वाटा आधी तिच्या ताटात पडू द्या.

रमाईंच्या जयंतीला आपण त्यांचा त्याग सांगतो. त्या दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी गेल्या, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, हे भाषणात फारसे येत नाही. आम्हाला तेही सांगावेसे वाटते.

"दवाखान्यात गेले तर खाडा पडतो," हे उत्तर आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. ते खोटे नाही. पण पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर तिला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात. तिचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढे आजारपणात पहिले दोन दिवस सोडून सुमारे ७० टक्के मजुरी मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. दाखला मात्र ईएसआयच्या डॉक्टरांकडून घ्यावा. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू मांडली होती. ही रजा मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

ठेकेदाराकडे असाल तरी हा हक्क आहे. पगाराच्या पावतीवर कपात दिसते का पाहा आणि ईएसआयचा विमा नंबर मागून घ्या. कपात होते पण नंबर नाही असे असेल, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात पावत्या घेऊन जा.

संडास आणि पाण्याच्या सुट्टीसाठी एकटीने सुपरवायझरशी वाद घालू नका, एकटीला काढून टाकणे सोपे असते. लाइनवरच्या दहा-बारा जणींनी सह्या करून अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. लिहिता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी रविवारी विहारात बसून आईचा अर्ज लिहून द्यावा, आणि येताना तिच्या मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या घेऊन यावे.