अडकलेली क्रँक पुली

प्रश्न: बोलेरोचा टायमिंग भाग घरीच उघडतोय. क्रँक पुलीचा मधला बोल्ट निघाला, पण पुली हलत नाही. हातोडा मारू का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: हातोडा आधी खाली ठेवा. ठोके पुलीवर थांबत नाहीत, क्रँकवरून थ्रस्ट बेअरिंगपर्यंत जातात. दोन बाजूंनी टॉमी घालून कडेला उचकटणंही नको. कड वाकली की बेल्ट डगमगत फिरतो.

पुली समोरून नीट पाहा. मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये काळ्या रबराची रेघ दिसते का? दिसली तर तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडीला अजिबात लावू नका. रबर सुटेल आणि पुली निकामी होईल. मधल्या भागात आट्यांची भोकं असतील, तर त्यांत बोल्ट बसवून ओढणारा पुलर आणा. बहुतेक गॅरेजवाल्यांकडे तो असतो, मागायला लाजू नका.

बॅटरीची ऋण तार काढा. सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. इथे घाई नडते. मधला बोल्ट पुन्हा फिरवा, डोकं पुलीपासून चार-पाच मिलिमीटर दूर ठेवा आणि पुलरचा स्क्रू त्या डोक्यावर टेकवा. क्रँकचे आटे वाचतात, पुली अंगावरही उडत नाही. ताण देऊन थांबा, मग पुन्हा थोडा ताण द्या. ‘टक्’ असा आवाज आला की सुटली.

गॅसची ज्योत नकोच. पुलीमागचं ऑइल सील जळतं. बसवताना चावी खाचेत आहे ना, बघा, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानेच आवळा.