समुद्राची आम्लता : निश्चित काय, अनिश्चित काय

समुद्र आम्ल होत आहे, हें वाक्य आम्हां उत्तन-भाईंदरच्या मुलांना भिवविणारें आहे. परंतु समुद्राचें पाणी आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वीं त्याचा सामू सरासरी ८.२ होता, आतां तो सुमारें ८.१ आहे. सामू जितका उतरेल तितकी आम्लता अधिक. आणि या मापाची एकेक पायरी दसपटीची असल्यामुळें एवढ्याशा उतारानेंही आम्लता सुमारें ३० टक्क्यांनीं वाढली. कोळसा व तेल जाळून निघणाऱ्या कर्बाम्ल वायूचा सुमारें चतुर्थांश समुद्र शोषतो, त्याचा हा परिणाम. हवाई बेटांजवळ १९८८ पासून चाललेल्या मोजमापांत तो स्पष्ट दिसतो. शिंपल्यांना व पोवळ्यांना कवच घडविणें त्यामुळें जड जातें.

मात्र १९८७ सालीं घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यांत पोवळें पांढरें पडलेलें दिसलें, तर दोष बहुधा तापलेल्या पाण्याचा असतो. आमच्या खाडींत तर भरती-ओहोटी, पाऊस व सांडपाणी यांमुळें सामू एका दिवसांतही बदलतो. बाटलीभर पाण्यावरून निष्कर्ष कसा काढावा? एकाच ठिकाणीं वर्षानुवर्षें मोजावें लागतें. कोळीबांधवांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या, असें आम्हांस वाटतें : समुद्र बदलत आहे हें निश्चित; यंदा जाळें रिकामें आलें तें त्याचमुळें कीं काय, हें एका मोसमावरून ठरत नाहीं.