आधी लेख, मग त्याची दवंडी

माझा कथासंग्रह आला तेव्हा प्रकाशकांनी स्पष्टच सांगितलं, “रोज दिसत राहा.” त्यांचं चुकत नव्हतं. मराठी पुस्तकांची दुकानं मोजकीच आहेत आणि जाहिरातीला पैसा नसतो. मी मुखपृष्ठ टाकलं, किंमत लिहिली, पुस्तक कुठे मिळेल ते सांगितलं. त्यात संकोच वाटावा असं काहीही नाही, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

त्रास सुरू झाला तो दुसरीकडे. इतरांच्या पुस्तकांवर मी फेसबुकवर बरीच वर्षं लिहीत आलो आहे. त्या लिखाणातही विक्रीचा सूर शिरायला लागला. पुस्तक अर्धं वाचून होत नाही तोच पोस्टची पहिली ओळ मनात तयार व्हायची आणि पुढची पानं त्या ओळीला आधार शोधत वाचली जायची. न पटलेलं प्रकरण, अडलेला प्रश्न, लेखकाशी असलेला मतभेद हे सगळं बाहेर राहायचं, कारण त्याने ‘वाहवा’ मिळत नाही.

हा दोष एकट्यादुकट्याच्या स्वभावाचा नाही. मोठी पोस्ट सुरुवातीच्या काही ओळींनंतर ‘आणखी पाहा’पाशी तोडली जाते, म्हणून सगळा जोर तिथेच लागतो. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने संवाद घडवणाऱ्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं. तेव्हापासून तर प्रतिक्रियांचं मोल फारच वाढलं. जिथे लेखकाला विचारायचं काहीच नसतं, तिथेही शेवटी “तुम्हाला काय वाटतं?” येतं.

नव्याने लिहिणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, की जाहिरात करायची तर उघड करा, आणि तिची पोस्ट वेगळी ठेवा. आईच्या आजारपणावर लिहिताना शेवटी पुस्तकाची लिंक चिकटवू नका. वाचकाचा विश्वास तिथेच तुटतो. पुस्तक भेट म्हणून आलं असेल तर तसं पहिल्याच परिच्छेदात लिहा. समाजमाध्यमांवरच्या प्रचारासाठी जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये नियम केले, त्यांत फुकट मिळालेली वस्तूही मोबदलाच धरली आहे. पण नियम नसता तरी हे सांगायलाच हवं होतं.

लेख फेसबुकच्या चौकटीत लिहू नका. वहीत किंवा वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण करा, एक रात्र जाऊ द्या. सकाळी वाचताना प्रत्येक वाक्याला विचारा, कुणीच लाइक करणार नसेल तरी हे मी लिहिलं असतं का? माझी बरीच विशेषणं इथेच गळतात. न आवडलेली एक तरी गोष्ट कारणासह लिहा. पुढच्या वेळी केलेलं कौतुक वाचक त्यामुळेच खरं मानतो. पन्नास जणांना टॅग करू नका. ज्याला खरंच वाचायला द्यायचं आहे त्याला फोन करा.

आणि मूळ प्रत तारखेसह स्वतःजवळ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव गाळून फिरणारा मजकूर आपला आहे, हे दाखवायची वेळ येते तेव्हा तीच कामी येते.